मुठीचा हिशेब

लेकरू झोपलं का गं? मग ये, बस इथं ओट्यावर. सकाळच्या गाडीनं तुम्ही तिघं किनवटला निघणार, तिथून नांदेड, उदगीर, लातूर, जालना. दीड महिना घरोघर. जावईबापूंनी वहीत नावं लिहिलीत, नावांपुढं रकमा मांडल्यात. मी मात्र संध्याकाळपासून तुझा चेहरा बघतेय. मलावीच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहायची तुला भीती वाटत नाही. परक्या भाषेचीही नाही. ओळखीच्या माणसांच्या दारात जाऊन मागायचं, याचीच लाज वाटतेय तुला. हो ना?

मलाही वाटली होती. टांझानियाला जायच्या आधी आम्ही दोघं असेच फिरलो, तेव्हा पहिल्या घरात मी पाणी प्यायले, चहा प्यायले आणि मदतीचं एक अक्षर न बोलता उठून आले. रात्रभर रडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज बोलते.

आपण ख्रिस्ती मंडळीतली माणसं, जोगवा मागायची रीत आपल्या घरात नाही. पण माहुरात वाढलेल्या मुलीला जोगवा काय असतो ते कुणी सांगावं लागत नाही. नवरात्रात शेजारच्या काकू परडी घेऊन पाच घरं मागायच्या, आठवतं? घरात ज्वारीची पोती, गळ्यात सोनं, आणि तरी दारोदार हात पुढं. परडीत पीठ पडलं की कुणाचं किती, हे कुणी बघत नसे. वाढणारीचा मानही मागणारीइतकाच. दत्तांबद्दलही इथं सांगतात, काशीत स्नान, कोल्हापुरात भिक्षा, माहुरात निद्रा. ज्याची निद्रा आपल्या गावात, तो भिक्षेला कोल्हापूरपर्यंत जातो! या मातीत मागण्याला कमीपणा कधी नव्हता, बाई. मागताना ताठा असला तरच कमीपणा.

आणि तू काही पहिली निघालेली नाहीस. पंडिता रमाबाई आठव. १८८६ च्या मार्चमध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला पोहोचल्या. नवरा वारलेला, पदरात मनोरमा, तिला पाच वर्षंही पुरी झालेली नव्हती. पुढची दोन वर्षं रमाबाई अमेरिकेत गावोगाव बोलत फिरल्या. इथल्या विधवांसाठी शाळा काढायची आहे, एवढं एकच सांगणं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ठिकठिकाणच्या मंडळांनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. त्यांच्याही आधी आपल्या जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन उभे राहिले होते. जालन्याजवळचं बेथेल गाव वसवलं ते त्यांनीच. मराठवाड्यात काम करणारा माणूस समुद्रापार जाऊन आपलं काम सांगतो, ही वाट दीडशे वर्षांची आहे.

आता वही आण इकडं. नावांपुढच्या या रकमा आधी खोड. कोण किती देईल हे आपण ठरवून घरात शिरलो, की त्या माणसाच्या डोळ्यांत बघता येत नाही. रकमेच्या जागी दुसरं काही लिही: कुणाच्या सासूबाई आजारी आहेत, कुणाचा मुलगा नोकरीवाचून बसलाय, कुणी तुला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं. बसल्यावर आधी तेच विचार. प्रार्थना करायची ती त्यांच्या घरासाठी, आपल्या गरजेसाठी नंतर.

मग स्पष्ट सांग. तिकीट किती, व्हिसा किती, राहायचा खर्च किती, लेकराची शाळा किती, आणि तिघांचं अडीअडचणीचं परतीचं भाडं किती. ते परतीचं भाडं लोक मागायला लाजतात, म्हणतात विश्वास कमी दिसेल. मी टांझानियात मलेरियानं पडले तेव्हा ते पैसे बाजूला होते, म्हणून घरी येता आलं. कुणी विचारलं, तिथं दवाखान्यात काम करणार की शुभवर्तमान सांगणार, तर दोन्ही जसं आहे तसं सांग. ऐकणाऱ्याला आवडेल तेवढंच सांगायचं नाही. आणि ज्या कामाला जाताय त्याच कामाचा व्हिसा घ्या.

पैसे स्वतःच्या हातात घेऊ नका, जावईबापूंनी नाही आणि तूही नाही. संस्थेच्या खात्यात जाऊ दे, पावती मिळू दे. पौलानं यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती पोहोचवायला मंडळ्यांची माणसं बरोबर घेतली. कुणी बोट दाखवू नये, याची काळजी त्याच्यासारख्यानं घेतली, तर आपण कोण?

शेतकऱ्याच्या घरी दरमहा देता का म्हणून विचारू नकोस. त्याच्या हातात महिन्याचा पगार येत नाही. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या सुमाराला, तूर-हरभरा विकला की उन्हाळ्याच्या तोंडावर, जे जमेल ते, एवढंच म्हण. पेरणीच्या दिवसांत तर विषयच काढू नकोस. मिझोरामच्या मंडळ्यांत बायका रोजच्या स्वयंपाकातला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्या मुठीमुठींवर मिशनचं काम चालतं. मूठ लहान म्हणायची नाही, गं.

आता लेकराचं. आम्ही थोरल्याला प्रत्येक घरात गाणं म्हणायला उभं करायचो. सगळे कौतुक करायचे, आम्हालाही बरं वाटायचं. सातव्या का आठव्या घराच्या दारात तो चपला काढेचना. म्हणाला, "मी गायलो नाही तर हे पैसे देणार नाहीत का?" त्या दिवशी मला कळलं, आपण लेकराच्या गळ्यात आपली परडी अडकवली होती. चिमणीला तसं करू नकोस. तिला आवडलं तर खेळेल, नाही तर झोपेल. दिवसात दोनच घरं घ्या, आणि आठवड्यात एक दिवस कुणाकडेच जाऊ नका.

आणि तू गप्प बसू नकोस. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' बरोबर ने. त्यांच्या नवऱ्याचं, टिळकांचं, मन केवढं मोठं! पण ते घरातलं देऊन मोकळे व्हायचे आणि उद्याच्या चुलीचं लक्ष्मीबाईंनी बघायचं. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. एकाच्या हाकेला दोघांनी ओ द्यायची असेल, तर दोघांनी बोलायला हवं. प्रत्येक घरात तू का निघालीस, ते तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि खर्चाची वही तुझ्याकडे राहू दे.

शेवटचं सांगते. रमाबाईंच्या त्या दहा वर्षांची मुदत भरली, तेव्हा १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. ज्यांनी दिलं होतं त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि काय झालं ते सांगितलं. मला त्यांच्या पहिल्या फेरीपेक्षा ही दुसरी मोठी वाटते. कारण मी ती केली नव्हती.

आमच्यासाठी एक मावशी दर महिन्याला ५० रुपये काढायची, शेळीच्या दुधाचे. पहिल्या वर्षी मी तिला पत्र लिहिलं. मग काम वाढलं, नंतरची दोन वर्षं राहून गेलं. मोठ्या देणगीदारांना मात्र छापील अहवाल वेळेवर जात होता. परत आल्यावर तिच्या घरी गेले. तिनं तोंडावरून हात फिरवला, भाकरी वाढली आणि मग हळूच विचारलं, "माझे पोहोचत होते का गं?"

दोन वर्षं ती बाई तेवढाच प्रश्न मनात घेऊन पैसे पाठवत राहिली होती.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर आज रात्रीच रकाने आख. एका बाजूला प्रत्येक नाव, लहानमोठं न बघता. दुसऱ्या बाजूला पत्र कधी लिहिलं ती तारीख. आणि परत आलात की याच गाड्यांनी, याच घरांना पुन्हा जायचं. तेव्हा काही मागायचं नसेल, फक्त सांगायचं असेल. ते जमणार असेल, तर उद्या खुशाल मान वर करून माग.

पहिलं नाव माझं लिही. मूठभरच आहे, पण पोहोचली की कळव.