वेबसाइटच्या वहीला एकच वळण

व्यापारी बंधूंनो, दुकानाची वेबसाइट करून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर चालणारा प्रोग्राम बहुधा जावास्क्रिप्ट भाषेत असतो. लिहिणारा तो आपापल्या ढंगाने लिहितो. माणूस बदलला की नव्याला जुने लिखाण उलगडत नाही आणि त्या वेळेचे पैसे आपण मोजतो.

जेम्स लाँग यांनी जानेवारी २०१७ मध्ये 'प्रेटियर' हे मोफत साधन आणले. ते जुनी मांडणी बाजूला सारून सारा प्रोग्राम एकाच पद्धतीने पुन्हा लिहून काढते. वेगळे सांगितले नाही तर ओळ शक्यतो ८० अक्षरांत बसवते. आवडीनिवडीला वाव मुद्दाम कमी ठेवला आहे, त्यामुळे कोणाची पद्धत बरोबर हा वादच उरत नाही.

मात्र सुवाच्य वहीतली बेरीजही चुकू शकते. मीटरचा दर चुकीचा घातला असेल, तर प्रेटियर तो चुकीचा दरच नीटनेटका मांडील. म्हणून काम देतानाच 'प्रेटियरची मांडणी हवी' ही अट लिहून घ्या आणि दर, बिल स्वतः तपासा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. लिहिलेले दुसऱ्याला वाचता यावे, हीही आपलीच जबाबदारी.