कंपवातात मनाकडेही बघा

कंपवाताच्या रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक हाताच्या थरथरीबद्दल भरभरून बोलतात. ‘बाबा हल्ली कशातच रस घेत नाहीत,’ हे मात्र निघताना, दारात उभं राहून सांगतात. खरं तर ते आधी सांगायला हवं.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, बुद्धी आणि मन दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. मेंदूतल्या डोपामिनबरोबर मनःस्थिती सांभाळणारी इतर रसायनंही घटतात. म्हणून नैराश्य आणि चिंता हा या आजाराचाच भाग असतो. कधी कधी तर थरथरीच्या आधीच त्यांची सुरुवात होते. ‘एवढा आजार झालाय, उदास वाटणारच’ म्हणून सोडून देऊ नका. औषधं, समुपदेशन आणि नियमित व्यायाम यांनी फरक पडतो.

निरुत्साह ही वेगळी गोष्ट. रुग्ण दुःखी नसतो, पण आपणहून काही सुरूच करत नाही. घरचे त्याला आळशी ठरवतात. त्यात चेहऱ्याच्या हालचाली मंदावलेल्या, आवाज बारीक. नातवाला वाटतं आजोबा रागावलेत! अशा निरुत्साही रुग्णाला ‘फिरायला जा’ असं सांगून भागत नाही. तुम्हीच चपला घालून ‘चला’ म्हणा. चालताना मात्र गप्पांत गुंतवू नका, दोन कामं एकदम करताना तोल जाऊ शकतो.

स्मरणशक्ती किंवा वागणं बिघडलं तर औषधांची यादी तपासून घ्या. थरथरीसाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल ज्येष्ठांमध्ये विसराळूपणा वाढवतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या कंपवातावरच्या औषधांनी काहींना जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागतो. लाजेपोटी तो लपवला जातो, म्हणून बँकेच्या पासबुकावर नजर असू द्या. नसलेली माणसं दिसू लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा. असे भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉल हे औषध देऊ नये, त्याने हालचाली आणखी जखडतात. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ आहे का, ते आधी बघावं. कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

काळजी घेणारी पत्नी किंवा सूनही थकते. तिच्यासाठी टेलिमानसची 14416 ही मोफत हेल्पलाइन आहे, पुण्यात कंपवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. जगण्यात अर्थ नाही असं रुग्ण बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.