दरवाजा कधी उघडावा

नावडे, नवी मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मेट्रोच्या दरवाजांचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम तुला मिळाल्याचं ताईने कळवलं. फार आनंद झाला. इथे जवळच्या पेंधरहून बेलापूरला 17 नोव्हेंबर 2023 पासून मेट्रो धावते. दारापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला आतल्या प्रोग्रामवर विश्वास टाकण्यावाचून पर्याय नसतो. म्हणून हे पत्र.

कोड उघडण्याआधी स्पेसिफिकेशन वाच आणि टेस्ट केस त्यावरूनच लिही. आधी कोड पाहिलास तर प्रोग्राम करतो तेच बरोबर वाटू लागेल, आणि प्रोग्रामरच्या नजरेतून सुटलेलं तुझ्याही नजरेतून सुटेल.

‘गाडी थांबल्यावरच दरवाजा उघडावा’ हे वाक्य घे. थांबली हे ठरवायचं कशावरून? ओल्या रुळावर ब्रेकने चाक जाम झालं आणि गाडी घसरतच राहिली, तर चाकावरचा सेन्सर वेग शून्य दाखवेल. दोन सेन्सरांचं जुळलं नाही तर? गाडी फलाटाच्या पुढे गेली तर? उघडण्याचा आणि बंद करण्याचा हुकूम एकदमच आला तर? या सगळ्या अटींचा तक्ता मांड. जो रकाना रिकामा राहील तो अंदाजाने भरू नकोस. लेखी उत्तर माग. पुण्यात टीआरडीडीसी या 1981 साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रात तर अशा तक्त्यांवरून आपोआप टेस्ट केस तयार करण्यावर काम झालं आहे.

रिकामा रकाना किती महाग पडतो, ते एरियन-5 रॉकेटने दाखवलं. 4 जून 1996 रोजी ते सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. एरियन-4 वर नीट चाललेलं सॉफ्टवेअर त्यात वापरलं होतं. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये आलेच नव्हते. त्यामुळे त्या आकड्यांवर चाचणीही झाली नाही.

नुसतं पुष्कळ चालवून पाहिलं, यावर समाधान मानू नकोस. सिग्नलसारख्या यंत्रणेकडून 10 कोटी तासांत एकाहून कमी धोकादायक बिघाडाची अपेक्षा असते. तेवढे तास म्हणजे 11,000 हून अधिक वर्षं! म्हणून कोणते प्रसंग निवडलेस आणि का, यालाच महत्त्व.

डेडलाइन जवळ आली की कोणीतरी म्हणेल, ‘प्रोग्राम ठीक आहे, टेस्टच बदल.’ तेव्हा स्पेसिफिकेशनचं कलम दाखव. कलम चुकीचं असेल तर आधी ते रीतसर बदलू दे, मग टेस्ट बदल.

तुझा,
मामा