‘पेशन्स ऑफ जोब’



कुणी निमूटपणे खूप सोसत असेल, तर त्याच्याजवळ ‘पेशन्स ऑफ जोब’ आहे असे इंग्रजीत म्हणतात. जोब म्हणजे आपला ईयोब. हे शब्द संत याकोबाच्या पत्रातले (५:११). १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमुळे ते इंग्रजीत रुळले.

काही वर्षांपूर्वी तरुण मुलगा गमावलेल्या एका मातेच्या सांत्वनाला गेलो होतो. मीही तिला ईयोबासारखा धीर धरायला सांगितले. ती म्हणाली, “फादर, ईयोबाचा तिसरा अध्याय तुम्ही वाचलाय ना?” मला उत्तर सुचेना.

पहिल्या दोन अध्यायांत ईयोबाची गुरेढोरे जातात, सात मुलगे व तीन मुली दगावतात, अंगभर फोड येतात; तरी तो देवाला दोष देत नाही. आपल्याला एवढाच ईयोब आठवतो. पुस्तक मात्र ४२ अध्यायांचे आहे! तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. पुढे तो देवाकडे जाब मागतो, आणि मी अधीर का होऊ नये, असेही विचारतो (२१:४).

मग याकोब चुकला का? नाही. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्याने ग्रीकमधला वेगळा शब्द वापरला आहे. ईयोबासाठी शब्द आहे ‘हुपोमोने’. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखालून पळून न जाता तिथेच टिकून राहणे. त्यात गप्प बसण्याची अट नाही. इंग्रजी ‘पेशन्स’सुद्धा मुळात लॅटिनमधल्या ‘सोसणे’ या क्रियापदावरून आला. इस्पितळातला ‘पेशंट’ त्याच घरातला. पण पुढे त्याचा अर्थ शांतपणे थांबणे एवढाच उरला. म्हणून १९८९ च्या एका इंग्रजी भाषांतराने तिथे ‘एन्ड्युरन्स’ हा शब्द घातला.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढेच त्यांनी बरे केले. मग तोंड उघडले आणि त्याच्या पापांचा हिशेब मांडू लागले. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हा मंडळींना हा मोह जरा लवकर होतो.) शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असे तो त्यांना सुनावतो (४२:७).

पुढच्या आठवड्यात त्या घरी पुन्हा गेलो. तिने चहा ठेवला आणि मुलाविषयी बोलत राहिली, मध्येच देवावर रागावलीसुद्धा. मी ऐकत होतो. रविवारची मिस्सा मात्र तिने एकदाही चुकवली नव्हती.