परदेशातील मुक्कामाचे दिवस : एक अभ्यास

आपल्या सभासदांच्या घरांतून आता शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेली मुले-मुली बरीच आहेत. त्यांच्यामागे आईवडीलही जाऊ लागले आहेत. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी नातवंडे सांभाळायला. ज्यांच्या घराण्यात पासपोर्ट ही वस्तू प्रथमच आली, अशी ही मंडळी. पासपोर्ट काढताना, व्हिसाची कागदपत्रे जमवताना ती फार काळजी घेतात. परंतु एकदा व्हिसा हाती आला की सगळे जिंकले, अशी त्यांची समजूत होते. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अडचणी व्हिसा मिळाल्यानंतरच्या आहेत. म्हणून व्हिसा कसा मिळवावा हे न सांगता, मिळालेला व्हिसा कसा वाचावा व दिवस कसे मोजावेत, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे. उदाहरण युरोपचे घेतो, कारण तेथील नियम सर्वांत अधिक फसवणारा आहे.

प्रथम शेंगेन म्हणजे काय ते पाहू. लक्झेंबर्ग या छोट्या देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक खेडे आहे. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसातील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. युरोपीय संघ आणि शेंगेन हे एकच नव्हेत. स्वित्झर्लंड व नॉर्वे संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड व सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. इंग्लंड दोन्हींत नाही. दिवस मोजताना हे २९ देश मिळून एकच देश आहे असे धरावे. जर्मनीत ४० दिवस आणि फ्रान्समध्ये ३० दिवस राहिलात, तर तुमचे ७० दिवस झाले.

आता व्हिसाच्या चिकटपत्रीकडे वळू. तिच्यावर दोन तारखा असतात : केव्हापासून आणि केव्हापर्यंत. बहुतेक लोक येथेच वाचन थांबवतात. खरी गोम खालच्या ओळीत आहे. तेथे मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात, आणि शेजारी किती वेळा प्रवेश करता येईल तो आकडा असतो. वरच्या दोन तारखा म्हणजे दार केव्हापासून केव्हापर्यंत उघडे आहे ते. आत किती दिवस बसता येईल ते खालचा आकडा सांगतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर मधेच दोन दिवस लंडनला जाऊन परत पॅरिसला येता येत नाही. बाहेर पडलात की तो व्हिसा संपला, मग दिवस कितीही उरलेले असोत.

एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक सवलत ठेवली आहे. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा सामान्यतः दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा मिळतो. त्यानंतर पाच वर्षांचाही. सवलत चांगली आहे, पण तिने गैरसमज वाढवला असे आम्हांला वाटते. दोन वर्षांच्या व्हिसावरही दिवसांचा आकडा ९० हाच असतो, आणि त्याचा अर्थ असा : कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

‘कोणत्याही’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. जानेवारी ते जून एक सहामाही आणि जुलै ते डिसेंबर दुसरी, असा शाळेसारखा हिशेब येथे नाही. तुम्ही तेथे ज्या ज्या दिवशी आहात, त्या प्रत्येक दिवशी तो दिवस धरून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपण किती दिवस तेथे होतो ते पाहायचे. बेरीज ९० च्या आत हवी. पोहोचलो तो दिवस पूर्ण धरतात, निघालो तो दिवसही पूर्ण धरतात. मग विमान रात्री पावणेबाराला उतरलेले का असेना.

आमच्या परिचयातील एका आजींचे उदाहरण देतो. (आजी म्हणतो खरे, पण त्या वेळी त्या आजी व्हायच्या होत्या.) लेक-जावई जर्मनीत. यापूर्वी दोनदा नीट जाऊन आल्यामुळे त्यांना जानेवारी २०२५ पासून दोन वर्षांचा व्हिसा मिळाला. लेकीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्याने त्या १५ जानेवारीला गेल्या व ५ मार्चला परतल्या. पुढे बाळंतपणासाठी २० मे रोजी पुन्हा गेल्या. परतीचे तिकीट जावयांनी १२ जुलैचे काढले होते. काही दुसऱ्या कामासाठी जावयांचा आम्हांला फोन आला, त्यात बोलता बोलता ही तारीख निघाली. आम्ही शंका काढली तेव्हा ते म्हणाले, “काका, व्हिसा दोन वर्षांचा आहे, आणि आई या खेपेला दोन महिनेसुद्धा राहत नाहीत. मग अडचण कसली?”

आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. पहिल्या खेपेचे दिवस : जानेवारीचे १७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ५, एकूण ५०. म्हणजे दुसऱ्या खेपेला उरले ४०. मे महिन्यातले २० तारखेपासूनचे १२ दिवस आणि जूनचे २८ दिवस मिळून ४० भरतात. २८ जून हा नव्वदावा दिवस. त्या दिवशी मागे १८० दिवस मोजले तर आपण ३१ डिसेंबरपर्यंत पोहोचतो, म्हणजे पहिल्या खेपेचे पन्नासच्या पन्नास दिवस अजून हिशेबातच आहेत. १२ जुलैपर्यंत थांबल्या असत्या, तर १४ दिवस जादा झाले असते.

येथे विद्यार्थ्यांनी हिशेब पुढे चालवून पाहावा, म्हणजे नियम पक्का कळेल. जुने दिवस हिशेबातून केव्हा गळू लागतात? १५ जानेवारी हा दिवस १४ जुलैला बाहेर पडतो. तेव्हा २८ जूनला परतलेल्या आजी १४ जुलैला पुन्हा तेथे उतरू शकत होत्या. पण त्या दिवशी त्यांना नवे ९० दिवस मिळत नाहीत. रोज एक जुना दिवस मागून गळतो आणि रोज एक नवा दिवस पुढून भरतो, असे पन्नास दिवस चालते. १ सप्टेंबरला पहिल्या खेपेची शिल्लक संपते, आणि २ सप्टेंबरला बेरीज ९१ होते. मोट चालताना एक भरून वर यावी आणि एक रिकामी होऊन खाली जावी, तसे हे आहे. ज्यांना हा सगळा खटाटोप नको, त्यांच्यासाठी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर तारखा घालून दिवस काढण्याचे साधन आहे. तरी एकदा हाताने मोजावे, असे आमचे मत आहे. कारण यंत्रात तारीख चुकीची घातली तर उत्तरही चुकीचेच येते, आणि ते लक्षातही येत नाही.

आजी २८ जूनला परतल्या. बाळ तेव्हा तीन आठवड्यांचेही नव्हते. तिकीट बदलण्याचा भुर्दंड पडला तो निराळाच. पुढे जुलैत पुन्हा जाण्याइतके पैसे नव्हते, म्हणून जावयांच्या आईने स्वतःचा व्हिसा काढून उरलेले दिवस सांभाळले. हिशेब तिकिटाच्या आधी केला असता, तर जानेवारीतली खेप पंधरा दिवसांनी आखडती घेता आली असती, आणि आजी बाळाजवळ राहिल्या असत्या.

जुनेजाणते लोक सल्ला देतात, की पहिल्या प्रवेशापासून सहा महिने झाले की पाटी कोरी होते. हा सल्ला एके काळी अगदीच चुकीचा नव्हता. १८ ऑक्टोबर २०१३ पूर्वी नियमाचे शब्द वेगळे होते. पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत तीन महिने, असा हिशेब होता. त्या तारखेपासून तो बदलला. दुसरा सल्ला, शेजारच्या देशात काही दिवस काढून यावे. क्रोएशिया हे त्यासाठी सोयीचे ठिकाण मानले जाई. पण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे, आणि बल्गेरिया व रुमानियाही १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले आहेत. शिवाय बाहेर जाऊन आल्याने जुने दिवस पुसले जात नाहीत. ते फक्त काळाने गळतात.

मुदत ओलांडली तर काय होते? निघताना सीमेवरील अधिकारी ते पाहतो. दंड किती, हे प्रत्येक देशाचे वेगळे आहे. प्रकरण गंभीर असेल तर प्रवेशबंदी होते, ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंतची असू शकते, आणि ती एका देशाने घातली तरी सगळ्या २९ देशांत चालते. आमच्या माहितीतील एका गृहस्थांचे नऊ दिवस जादा झाले होते. निघताना त्यांना कोणी विशेष बोलले नाही, म्हणून ते निर्धास्त होते. पुढल्या वर्षी मुलाच्या पदवीदानासाठी अर्ज केला तो नामंजूर झाला. पूर्वी हा हिशेब पासपोर्टावरच्या पुसट शिक्क्यांवरून होत असे, आणि एखादा शिक्का वाचता येत नसे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने तेथे प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली. तीत चेहऱ्याचे छायाचित्र घेतात, आणि दिवसांची बेरीज संगणकच करतो.

मुदत वाढवून मिळत नाही असे नाही, पण त्याची कारणे मोजकी आहेत : आपल्या हाताबाहेरचा अडथळा, मानवतेचे कारण, किंवा गंभीर वैयक्तिक कारण. अर्ज मुदत संपण्याआधी तेथील कार्यालयात करावा लागतो. इस्पितळात पडलेला माणूस यात बसेल. घरात बाळ आहे आणि मदतीला कोणी नाही, हे कारण आपल्याला कितीही मोठे वाटले, तरी त्यावर विसंबून तिकीट काढू नये.

विद्यार्थ्यांचा मार्ग मुळातच निराळा आहे. नव्वद दिवसांहून अधिक राहायचे तर शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा चालत नाही. ज्या देशात शिकायचे त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्याला ‘डी’ वर्ग म्हणतात. पर्यटक म्हणून जाऊन तेथे शिक्षणाचा परवाना करून घेऊ, असे कोणी दलाल सांगत असेल तर त्याच्या पायरीलाही जाऊ नये. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. खर्चाची तजवीज दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून बंदिस्त खात्यासाठी ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो अशी ठरली. शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र चालते, मात्र रक्कम व कालावधी त्यात स्पष्ट हवा.

तेथे पोहोचल्यावर राहत्या घरी गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला घरमालकाचे पत्र लागते. म्हणून खोली घेतानाच ते मिळेल ना, हे विचारून घ्यावे. पुढे परकीय नागरिकांच्या कार्यालयात निवासपरवाना काढायचा. या परवान्यावर त्या देशात काढलेले दिवस ९०-१८० च्या हिशेबात येत नाहीत; मात्र इतर शेंगेन देशांत हिंडायला जाल तर तेथे तीच मर्यादा लागते.

या कार्यालयात मोठ्या शहरांतून भेटीची वेळ मिळायला महिनेही लागतात. मुले वेळ मिळण्याची वाट पाहत बसतात आणि परवाना संपून जातो. वाट पाहायची ती अर्ज देऊन पाहावी. परवाना संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे जर्मन कायदा मानतो, आणि तसा एक तात्पुरता दाखला देतो. त्या दाखल्यावर कायद्याच्या कलम ८१ च्या कोणत्या उपकलमापुढे खूण आहे ते पाहावे. उपकलम ४ असेल तर सुट्टीत घरी येऊन परत जाता येते. उपकलम ३ असेल तर बाहेर पडू नये. अल्पमुदतीच्या व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना उपकलम ४ ची सवलत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी घरच्यांनी माहीत करून घेतली पाहिजे. सहा महिन्यांच्या आत परतला नाही, तर विद्यार्थ्याचा तेथील निवासपरवाना आपोआप रद्द होतो, त्यावर छापलेली तारीख पुढची असली तरी. घरात आजारपण आले, वडील गेले, मुलगा धावून आला आणि येथेच गुंतून पडला, असे घडते. अशा वेळी निघण्यापूर्वी, ते जमले नाही तर सहा महिने भरण्याच्या पुष्कळ आधी, त्या कार्यालयाला लेखी कळवून अधिक मुदत मागता येते. अर्जाची प्रत आणि पोच दोन्ही जपून ठेवावी. फोनवर मिळालेल्या होकाराचा पुढे काही उपयोग होत नाही.