सेन्सरच्या आधी गोणी

पानशेत

चि. सायलीस,


पानशेतच्या पुरावर नाच बसवायचा आणि नाचणाऱ्यांच्या हालचालींवर आवाज नि दिवे चालवायचे, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. पण पत्रात सेन्सरची यादी पानभर आणि नाचाबद्दल दोनच ओळी. हा क्रम बदल.

असा प्रयोग पूर्वी झालाय. २३ जुलै १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यमंडळीने ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ सादर केलं. संगीत जॉन केज यांचं. रंगमंचावर रॉबर्ट मूग यांनी बनवलेल्या १२ अँटेना उभ्या होत्या. नर्तक चार फुटांच्या टापूत आला की आवाज जागा व्हायचा. जोडीला प्रकाश टिपणारे फोटोसेल होते, पण रंगमंचावरच्या दिव्यांपुढे त्यांचं काही चालेना. शेवटी ते अँटेनांच्या बुडाशी बसवले. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. नर्तकांनी जागवलेला प्रत्येक आवाज थेट प्रेक्षकांपर्यंत जात नव्हता. केज, डेव्हिड ट्यूडर आणि इतर वादक यंत्रांपाशी बसून काय ऐकू द्यायचं ते ठरवत होते. तुझ्या मिक्सरवरही तयार कानाचा माणूस हवाच.

आता आपलं धरण. जुलै १९६१. काम पुरतं झालेलं नव्हतं, पावसाने पाणी चढत होतं आणि पाणी सोडण्याच्या मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. जवान रात्रभर वाळूच्या गोण्या रचत राहिले. १२ तारखेला सकाळी बांध फुटला, मागोमाग खडकवासला धरणही, आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला.

तुझा नाच या गोण्यांत आहे. उचलायची, पुढच्याच्या हाती द्यायची, रचायची. रचायच्या फळीखाली वजन मोजणारा लोडसेल बसव. त्याच्यासोबतची एचएक्स७११ चिप सेकंदाला १० किंवा ८० वेळा वजन वाचते. साथीच्या ढोलकीच्या थापेला ती संथ पडेल, गोणीला भरपूर झाली. दर गोणीला पाण्याचा आवाज थोडा दबू दे. मग एका क्षणापासून गोण्या पडत राहतील, पण आवाज दबणार नाही. त्या वेळी नाचणाऱ्यांनी हात थांबवायचे नाहीत.

थापेसाठी ढोलकीच्या खोडाला कंपनं टिपणारी पिझोची चकती चिकटव. आवाजाला हवेतून तीन मीटर जायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. सगळ्या यंत्रणेचा उशीर त्याच्या आसपास ठेव, म्हणजे वादकाला खटकणार नाही. ब्लूटूथ स्पीकर मात्र बाद. तारच लाव.

पहिली तालीम सेन्सर बंद ठेवून कर आणि ती खोऱ्यात धरणापायी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना दाखव. ते जिथे अडवतील तिथे नाच बदल, वायरिंग त्यानंतर. जुलैत इथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ढोलकीवाल्याला अख्खा प्रयोग पाठ असू दे. गोण्या आणि फळी मी इथूनच जमवतो, वजन किती धरायचं तेवढं कळव.

तुझा,
वसंतमामा