ट्रॅक्टरमागे किती ट्रॉल्या, किती ऊस?



हंगामाआधी वाहतुकीचे करार करायला ट्रॅक्टरमालक शेतकी खात्यात येतात. बोलणे ठरलेले असते : "साहेब, पन्नास हॉर्सपॉवरचा हाय, दोन भरल्या ट्रॉल्या सहज ओढतोय." ओढतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण उतारावर थांबतो का, असे विचारले की मंडळी हसतात.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. औशाच्या बाजूला एका कालव्याच्या पुलावर आम्ही स्वतः पाहिले आहे. उतारावर मागच्या ट्रॉलीने रेटा दिला, ट्रॅक्टर आडवा झाला, ट्रॉल्यांची घडी पडली. मोळ्यांवर टोळीतली दोन माणसे बसलेली होती. ती उसाबरोबर बाजूच्या रानात पडली म्हणून वाचली. दुसऱ्या बाजूला कालवा होता. ट्रॅक्टर नवाच होता, इंजिनात काही खोट नव्हती.

आता हिशोब पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण उपयोगाचे आहेत. पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. त्यातले दीड टन मागच्या चाकांवर असते, आणि ब्रेक बहुधा त्याच दोन चाकांना असतात. कोरड्या डांबरावर ही चाके फार तर ९०० किलोचा जोर धरतील. ताशी २० किलोमीटरने जाणारा रिकामा ट्रॅक्टर एवढ्या जोरावर चार मीटरांत थांबतो. मागे बिनब्रेकची, स्वतःच्या वजनासह १५ टनांची ट्रॉली असेल तर सपाटीवरच बावीस मीटर लागतात. वीस फुटांत एक फूट असा उतार असेल तर सत्तर मीटर. आणि दुसरी तेवढीच ट्रॉली जोडली, तर त्या उतारावर ब्रेक दाबून धरला तरी वेग वाढतच जातो! ट्रॅक्टरला रेटणारा जोर ब्रेकच्या जोरापेक्षा जास्त झालेला असतो. इथे हॉर्सपॉवर कामाला येत नाही.

म्हणून बिनब्रेकची ट्रॉली उसाला लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ट्रॅक्टरवरून चालणारे ब्रेक ट्रॉलीला बसवून घ्यावेत. खर्च होतो, पण एका अपघाताच्या मानाने काहीच नाही. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर नेहमी पट्टीने जोडलेले असावेत; रानात वळणासाठी सोडलेली पट्टी तशीच राहते आणि एकच चाक धरते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आहेत, त्यांना मालकांनीच समज द्यावी.

फडातली गोष्ट वेगळी. आपली काळी जमीन ओली असली की १५ टनांची ट्रॉली नुसती हलवायला दीड टन ओढ लागते, आणि चाकांची पकड सहा-सातशे किलोंची. मग चाक फिरते, माती उकरते. अशा वेळी काही जण साखळी वरच्या जोडणीला बांधतात. पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो तो इथेच. ओढ नेहमी खालच्या हुकालाच द्यावी. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरते पण गाडी वळत नाही. ओल्या फडातून अर्धी ट्रॉली बाहेर काढावी आणि उरलेली रस्त्याच्या कडेला भरावी. टोळी कुरकुर करील, करू द्यावी.

जोडणीच्या पिनेला लॉक हवेच. पिनेऐवजी सळईचा तुकडा घातलेला आम्ही रात्री गाडीतळावर पाहिला आहे.

एक गोष्ट आपल्या सभासदांसाठी. "आजच फड रिकामा करा, अजून पाच-पन्नास मोळ्या बसतील" हे ड्रायव्हरला सांगणारे पुष्कळदा आपणच असतो. वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, तो नाही म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे.

यंदा ट्रॉली फडात आली की भरण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात : पिनेचे लॉक, ट्रॉलीचा ब्रेक, मागचे रिफ्लेक्टर. यांपैकी एक जरी नसेल तर भरणी थांबवून आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला कळवावे. त्या दिवशी ऊस उभा राहिला तरी चालेल, दुसरे वाहन देण्याची व्यवस्था आम्ही पाहू.